मामूंनी सांगितलेला घोडा

शारजा, ता. ३ नोव्हेंबर १९६३

मामूंना हमीदचा सलाम, आणि हे पत्र मोठ्यानं वाचणाऱ्या बानूलाही.

मी बरा आहे. ऑफिसरांच्या मेसमध्ये बेअररचं काम चालू आहे. टेबलं लावायची, टेबलं आवरायची, मधल्या वेळात साहेब लोकांची बडबड ऐकत उभं राहायचं. ऊन उतरलंय, त्यामुळे जरा माणसात आल्यासारखं वाटतं. माझ्या शेजारच्या खाटेवर आपल्या मोहल्ल्यातला यूनुस आहे, हे तुम्हाला ठाऊक आहेच. तो कँपच्या धोबीखान्यात इस्त्रीला आहे. त्याचा खोकला काही जात नाही. घरी शहनाझभाबींना हे सांगू नका, त्यानं मला बजावलंय.

आता कामाची गोष्ट. आठवड्यातून दोनदा विमानानं विलायतेचे पेपर येतात. त्यात घोड्यांच्या शर्यती असतात, पण मुंबईला होतात तसल्या नव्हेत. हे घोडे कुंपणांवरून, खंदकांवरून उड्या मारत तीन-चार मैल धावतात. निम्मे वाटेतच पडतात. साहेब लोकांना जेवतानासुद्धा दुसरा विषय नाही. परवा सूप वाढता वाढता मी बोलून गेलो, की माझे मामू पुण्याला पलटणीच्या पागेत सतरा वर्षं मोतद्दार होते, उडीचे घोडे त्यांच्या हाताखालून गेलेत. सगळे हसले. कॅप्टनसाहेब म्हणाले, "हमीद, आस्क युवर अंकल." थट्टेनंच म्हणाले, पण पेपरातली तीन चित्रं कापून माझ्या हातात ठेवली.

ती सोबत आहेत. डिसेंबरात हे तिघे एकाच शर्यतीत धावणार. प्रत्येकाखाली मी नाव मराठीत लिहिलंय. तिघांत कोण बरा, एवढंच सांगा. मला साहेबांचं तोंड बंद करायचंय, दुसरं काही नाही.

बानू, मागच्या पत्रात जागा उरली नाही म्हणून तू कडेनं आडवं लिहिलंस. वाचताना माझी मान दुखली. नवऱ्यामुलाची काळजी आतापासून घ्यायला शिक.

तुमचा भाचा,
हमीद

———

पांगारे, ता. २१ नोव्हेंबर १९६३

हमीद यास खैरुद्दीन मामूची दुवा.

(अब्बा सांगतात तसं लिहिते. मधे मधे बिडी ओढतात तेवढं लिहीत नाही. – बानू)

तुझ्या साहेबाला सांग, घोडा पेपरात बघून ओळखत नाहीत. त्याच्या पोटाखाली बसून खरारा करावा, तेव्हा तो कळतो. तरी चित्रं बघितली. खिडकीशी बसून, भिंगातून बघितली.

कपाळावर पांढरा ठिपका आहे तो देखणा आहे. देखणा आहे, बस, एवढंच. मान फार उंच धरतो, म्हणजे पुढचं कुंपण त्याला उशिरा दिसणार. दुसऱ्याचे कान मागे पडलेत. स्वार त्याला ढकलतोय, तो आपणहून जात नाही. तिसरा, तू टिंकर लिहिलंयस तो. त्याचं चित्र उडीचं नाही, उतरण्याचं आहे, म्हणून त्याच्याबद्दल बोलता येतं. उडी काय, कुत्रंही मारतं. जमिनीवर आल्यावर पहिल्या पावलाला काय करतो ते बघायचं असतं. ह्यानं एक पाय आधी टेकलाय, दुसरा मागून येतोय, आणि नजर पुढे गेलीसुद्धा. पुठ्ठे भरलेले आहेत. हा घरी येईल. पहिला येईल का ते अल्लाला ठाऊक, पण घरी येईल.

माझी घोडी चांदनी अशीच उतरायची. पण साहेबानं खंदक आणखी दीड हात रुंद करून घेतला. मी नको म्हटलं, त्याला मोतद्दाराचं काय ऐकायचं होतं. ती पडली तेव्हा माझा पाय तिच्याखाली होता. तिला गोळी घातली आणि मला पेन्शन दिली.

एक विचारतो, सरळ उत्तर दे. ह्यात तू पैसा लावत नाहीस ना? जुगार हराम आहे हे तुला मौलवींनी सांगितलंच असेल. मी वेगळं सांगतो. घोड्याच्या पायांवर पैसा लावणारी माणसं मी सतरा वर्षं बघितलीत. त्यांच्या अंगावर कपडा राहत नाही.

खैरुद्दीन

(चित्रं अब्बांनी उशाखाली ठेवलीत. दोन वर्षांत त्यांना एवढं बोलताना मी ऐकलं नव्हतं. पुढच्या वेळीही पाठव. आणि हे मुद्दाम कडेनं आडवं लिहिते. दुखू दे मान. – बानू)

———

शारजा, ता. १६ डिसेंबर १९६३

मामूंना सलाम.

टिंकर पहिला आला. बारा निघाले, पाच पोचले. ठिपकेवाला दुसऱ्याच कुंपणाला गेला. कॅप्टनसाहेबांनी सगळ्या मेससमोर माझ्याशी हात मिळवला आणि एक नवा थर्मास बक्षीस दिला. आपल्या मोहल्ल्यातला रफिक फेब्रुवारीत रजेवर येतोय, त्याच्याबरोबर तुमच्यासाठी पाठवतो. चहा दिवसभर गरम राहील, बानूला चुलीपुढे उठबस नको.

पैशाचं विचारलंत. तोबा, मामू. मी ताटं उचलणारा माणूस, माझी काय बिशाद? साहेब लोकांचा खेळ आहे, आपण लांबून बघायचं.

जानेवारीत आणखी एक शर्यत आहे. दोन चित्रं सोबत आहेत.

बानू, आता आवाज बंद कर. मामूंना म्हण, पत्र संपलं. पुढचं तुझ्या एकटीसाठी आहे.

मी लावले होते. थोडेच, पण जे आले ते माझ्या तीन महिन्यांच्या पगाराएवढे आहेत. कॅन्टीनमध्ये एक कॉर्पोरल आहे, तो सगळ्यांचे पैसे गोळा करून विलायतेला तार करतो. लग्नाला तीन वर्षं थांब असं मी तुला म्हटलं होतं. असंच चाललं तर येत्या उन्हाळ्यातच येईन. दुबईला खाडीपलीकडे देऱ्यात एक खोली बघून ठेवलीय. खालच्या मजल्यावर एक गुजराती कुटुंब आहे, तुला बोलायला बायका मिळतील. हराम-हलाल मलाही कळतं. एकदा संसार उभा राहिला की तोबा करून मोकळा होईन. मामूंना ह्यातलं काही कळता कामा नये.

हमीद

———

पांगारे, ता. ८ जानेवारी १९६४

हमीद यास दुवा.

दोघांत काळा बरा. मानेपासून शेपटीपर्यंत एका रेषेत आहे, आणि स्वाराचे हात सैल आहेत, म्हणजे त्याचा घोड्यावर भरवसा आहे. पण दोन्ही चित्रं उडीची आहेत. उतरतानाचं कोणाचंच नाही. तेव्हा मी खात्रीनं बोलत नाही, हे साहेबाला बजावून सांग.

रमजान आठवड्यावर आला. रोजे धर. ताटं वाढणाऱ्याला रोजा जड जातो, पण त्याचंच पुण्य जास्त.

खैरुद्दीन

(आता मी लिहिते. "पत्र संपलं" म्हटलं तेव्हा अब्बा म्हणाले, "एवढंच? कागद तर भरलेला दिसतोय." मी म्हटलं, अक्षर मोठं काढलंय. अब्बांशी मी आजवर खोटं बोलले नव्हते. इतकं सोपं असतं ते मला माहीत नव्हतं.

शहनाझभाबी काल यूनुसभाईंचं पत्र वाचून घ्यायला आली होती. मोहल्ल्यातल्या बायकांची पत्रं मीच वाचते आणि मीच लिहिते, त्यामुळे कोणाचा नवरा काय लपवतो ते बायकोच्या आधी मला कळतं. त्यांनी खोकल्याचं अवाक्षर लिहिलेलं नाही. मीही बोलले नाही.

आणि ऐक, काळ्या घोड्याचं नाव अब्बांच्या आधी मी घेतलं होतं. अब्बा म्हणाले, "पोरीला नजर आहे." उन्हाळा म्हणजे कुठला महिना ते स्पष्ट लिही. मला तेविसावं संपलं. – बानू)

———

शारजा, ता. १९ फेब्रुवारी १९६४

मामूंना ईदचा सलाम.

इथं ईदची नमाज वाळूत, उघड्यावर झाली. सगळे कोकणी एका ओळीत होतो. नंतर यूनुसनं शेवया केल्या, दुधाचा डबा फोडून. घरच्यासारख्या झाल्या नाहीत, पण कोणी तसं बोललं नाही.

काळा घोडाही पहिला आला. आता साहेब लोक मार्चच्या मोठ्या शर्यतीचं विचारतायत. तिसऱ्या शनिवारी आहे. तीस कुंपणं, साडेचार मैल. चार चित्रं पाठवतो. पंधरा मार्चच्या आत उत्तर हातात पडेल असं बघा.

पत्र संपलं, बानू.

आता ऐक. गोष्ट आता माझ्या एकट्याची राहिली नाही. जानेवारीनंतर आपल्या सगळ्या माणसांना कळलं. धोबीखाना, भटारखाना, ड्रायव्हर, सगळे म्हणतात, "मामूनं नाव दिलं की आपले पैसे घे." यूनुसची हालत बरी नाही. कँपच्या डॉक्टरनं त्याच्या छातीचा फोटो काढला आणि सांगितलं, गो होम. एप्रिलच्या बोटीचं भाडं त्यानं बाजूला काढलंय. पण म्हणतो, "चार साल परदेसमें रहा, और खाली हाथ जाके खाट पे लेटूँ क्या?" त्याला सगळंच लावायचंय, भाड्यासकट. मी नको नको म्हणतोय, तो ऐकत नाही.

हा एक घोडा आला, की यूनुस आणि मी एकाच बोटीनं येतो. त्याचा इलाज मुंबईला होईल, आणि आपलं लग्न बकरी ईदनंतर दुसऱ्या आठवड्यात. हा घे महिना, स्पष्ट लिहिलाय.

हमीद

———

पांगारे, ता. ४ मार्च १९६४

हमीद यास दुवा.

चित्रं बघितली. चौघांत तो राखाडी घे, हार्बर लाइट. मान, छाती, पुठ्ठे सगळं जिथल्या तिथं आहे. कान पुढे आहेत. कुंपणावरून हातभर मोकळा गेलाय. दुसऱ्या कोणाचा विचार करू नको.

खैरुद्दीन

(अब्बांना बरं नाही म्हणून थोडक्यात. रफिक थर्मास घेऊन पोचला. मरियमफुफूंनी माझ्या लग्नाच्या शरार्‍याचं कापड शिवायला टाकलंय. त्या म्हणतात, हमीद माझ्या पोटचा आहे, शब्द दिला की येतोच. शहनाझभाबीनं घराला चुना लावायला घेतला. – बानू)

———

शारजा, ता. २४ मार्च १९६४

मामू,

हार्बर लाइट सहाव्या कुंपणाला पडला.

कॅन्टीनमध्ये रेडिओ लावला होता. आम्ही अकराजण बाहेर खिडकीखाली उभे होतो. इंग्रजी इतकं भरभर, की मला फक्त नाव ओळखू येत होतं. नाव दोनदा आलं, तिसऱ्यांदा आलं, मग यायचंच बंद झालं. बाकीचे माझ्या तोंडाकडे बघत होते. मी म्हणत राहिलो, येईल, मागे असेल. शर्यत संपल्यावर कॉर्पोरल बाहेर आला आणि म्हणाला, "फेल अ‍ॅट द सिक्स्थ. सॉरी, मेट." काल पेपर आला. उतरताना पुढचे दोन्ही पाय एकदम टेकले, खांदा मोडला. तिथल्या तिथं गोळी घातली.

तुम्ही ओळखलंच असेल, की ह्यात पैसा होता. माझाही होता, मी तुमच्याशी खोटं बोललो. माझा गेला त्याचं काही नाही. यूनुसचं सगळं गेलं, बोटीच्या भाड्यासकट. मी त्याच्यापुढे हात जोडले होते, की भाड्याला हात लावू नको. तो म्हणाला, "यार, मामूचा शब्द आहे." त्यानं मला एक शिवी दिली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी इस्त्रीवर उभा होता.

मामू, उडीचं चित्र बघून तुम्ही कधी खात्रीनं बोलत नव्हता. ह्या वेळी का बोललात? हार्बर लाइटचं चित्र उडीचंच होतं. मला ह्याचं उत्तर पाहिजे.

बानू, ह्यातलं काही गाळू नको. सगळं वाच.

हमीद

———

पांगारे, ता. १४ एप्रिल १९६४

हमीद,

अब्बांना ताप आहे. तुझं पत्र मी त्यांना अजून वाचून दाखवलेलं नाही. जरा उतार पडू दे, मग वाचेन.

शहनाझभाबी रोज विचारते, यूनुसभाई कुठल्या बोटीनं येतायत. घराला चुना लावून झाला. मुलीला नवीन फ्रॉक घेतला, तो घालून बंदरावर न्यायचं म्हणते. मी सांगते, बोटीचं अजून नक्की नाही. त्यांना म्हणावं दोन ओळी लिहा. त्यांचं पत्र आलं नाही तर मी काय वाचू?

बकरी ईद पुढच्या आठवड्यात आहे. तू येण्याचं काहीच लिहिलं नाहीस. मी विचारत नाही, मरियमफुफू विचारतात. त्या घोड्याचं पुन्हा काही लिहू नको.

बानू

———

शारजा, ता. २८ मे १९६४

मामू,

यूनुस सोमवारी दुपारी वारला. असरच्या नमाजानंतर आम्ही त्याला इथंच दफन केलं. जनाज्याला आपली नऊ माणसं होती.

एप्रिलमध्ये कँपनं त्याला काढलं. छातीचा आजार आहे, साहेब लोकांचे कपडे त्याच्या हातून नकोत, असं ठरलं. आम्ही भाड्यासाठी वर्गणी काढायला निघालो, पण कोणाच्या खिशात काय होतं? सगळ्यांचे त्याच शर्यतीत गेले होते. तो म्हणाला, मी बघतो. दुबईला गेला आणि खाडीवर लाँचमधून तांदळाची पोती उतरवायला लागला. ज्या छातीनं त्याला जिना चढवत नव्हता तिच्यावर पोतं. झावळ्यांच्या खोपटात सहाजणांत राहायचा. मी तीन शुक्रवार गेलो नाही. माझ्याच्यानं जाववलं नाही. चौथ्या शुक्रवारी गेलो, तेव्हा तो चटईवर पडला होता आणि उशाशी रक्तानं भिजलेलं फडकं. पिकअपमधून शारजाला आणला. शुद्धीवर होता. मला म्हणाला, "खलास, हमीद. घरी लिहू नको, मी चांगला झालो की लिहितो."

त्याच्या ट्रंकेत दोन शर्ट आणि भाबींची पत्रं निघाली. ती पत्रं बानूच्या अक्षरातली.

शहनाझभाबींना तुम्हीच सांगा. हे काम बाईमाणसावर टाकू नका. आणि मामू, एक बोललो नाही तर मला झोप लागायची नाही. तुमच्या एका शब्दावर तो माणूस गेला. मी तुमच्याकडे उत्तर मागितलं होतं, तुम्ही दिलं नाहीत. तुम्ही मला बापाच्या जागी आहात, पण हे मला विसरता येणार नाही.

हमीद

———

पांगारे, ता. १२ जून १९६४

हमीद,

अब्बांनी तुला नाव सांगितलं नव्हतं.

फेब्रुवारीच्या शेवटी रफिक आला. मशिदीच्या ओट्यावर, सगळ्यांसमोर तो अब्बांना म्हणाला, "चाचा, तुमच्या जबानीवर शारजात पैसा उडतोय. तुम्ही इथं बिड्या काय ओढता?" अब्बा घरी आले. तुझी चार चित्रं काढली आणि चुलीत घातली. मग मला म्हणाले, घे कागद, लिही. "हमीद, तू माझ्याशी खोटं बोललास. माझ्या तोंडून आता एकाही घोड्याचं नाव निघणार नाही. ज्यांनी पैसे काढून ठेवलेत त्यांना सांग, म्हातारा नाही म्हणाला. यूनुसला पहिल्यांदा सांग."

मी शब्द न् शब्द लिहिला. ते पत्र मी टपालात टाकलं नाही. दुसरं लिहिलं.

चित्रं चुलीत जायच्या आधी मी बघितली होती. राखाडी घोडा मला आवडला. काळ्याचं नाव मी आधी घेतलं होतं ना, मग मला वाटलं आपल्यालाही येतं. खरं सांगते, तेवढंच नव्हतं. तू महिना लिहिला होतास. कापड शिवायला पडलं होतं. अब्बांचं पत्र गेलं असतं तर तू आणखी तीन वर्षं आला नसतास. त्या पत्रात यूनुसभाईंचं नाव होतं ते मी वाचलं, लिहिलंही, आणि तरी दुसरं पत्र टाकलं. मार्चमधलं तुझं पत्र मी अब्बांना वाचून दाखवलंच नाही. त्यांना तापही नव्हता.

हे शेवटचं मात्र वाचलं. एक शब्द गाळला नाही. अब्बा ऐकत होते. "तुमच्या एका शब्दावर" असं आलं तेव्हा म्हणाले, "कुठला शब्द?" मी पुढे वाचत राहिले. संपल्यावर त्यांनी विचारलं, "घोड्याचं नाव काय होतं?" मी सांगितलं. "चित्र कसलं होतं?" मी म्हटलं, उडीचं. मग त्यांना सगळं कळलं. मी रडले, त्यांनी मला उगी केलं नाही आणि मारलंही नाही. टोपी घातली, काठी घेतली आणि शहनाझभाबीकडे गेले. यूनुसभाई गेल्याचं सांगितलं, आणि तिच्या सासऱ्यासमोर, दिरासमोर म्हणाले, "घोड्याचं नाव मी सांगितलं होतं."

तेव्हापासून अब्बा ओट्यावर जाऊन बसले की माणसं उठून जातात. रफिकनं थर्मासचं सगळ्यांना सांगितलं. म्हाताऱ्यानं बक्षिसासाठी पोराचा जीव घेतला, असं बोलतात. अब्बा पाचही वेळा मशिदीत जातात आणि खाली मान घालून परत येतात. मला त्यांनी शपथ घातलीय, की मोहल्ल्यात कोणाला सांगायचं नाही, माझं लग्न व्हायचंय. तू मोहल्ल्यात नाहीस म्हणून तुला सांगते.

भाबी इद्दतीत आहे, घराबाहेर पडत नाही. म्हणून मीच तिच्याकडे जाते. ती यूनुसभाईंची जुनी पत्रं काढून देते आणि मी वाचते. ती म्हणते, तू वाचलंस की बरं वाटतं. मला नाही म्हणता येत नाही.

लग्नाचं आता तू ठरव. मोडलंस तरी मी कोणाला कारण सांगणार नाही.

बानू

———

शारजा, ता. २ जुलै १९६४

शहनाझभाबींना हमीदचा सलाम.

हे पत्र तुमच्या नावानं आहे. ते तुम्हाला बानू वाचून दाखवेल. तिला मधे थांबावंसं वाटलं तर थांबू द्या, पण शेवटपर्यंत वाचून घ्या.

खैरुद्दीन मामू तुमच्याकडे येऊन जे बोलले ते खरं नाही. त्यांनी घोड्याचं नाव दिलं नव्हतं. त्यांनी नको म्हणून लिहायला सांगितलं होतं, आणि पहिल्यांदा यूनुसला सांग असंही म्हटलं होतं. ते पत्र बानूनं टाकलं नाही. नाव तिनं आपल्या मनानं लिहिलं, बापाच्या नावानं. का लिहिलं ते तिनं मला कळवलंय, आणि तुम्ही विचारलंत तर तुम्हालाही सांगेल.

आता माझं. मी मामूंना लिहिलं होतं, की मी यूनुसपुढे हात जोडले, भाड्याला हात लावू नको म्हटलं. ते खोटं आहे, भाबी. तो माझ्याकडे निम्मे पैसे घेऊन आला होता. बोटीचं भाडं त्यानं रुमालात वेगळं बांधलं होतं, त्यावर तुमच्या मुलीचं नाव लिहिलं होतं. मी त्याला म्हटलं, रुमाल कशाला ठेवतोस, महिन्याभरात तिप्पट करून देतो. त्यानं माझ्याकडे बघितलं आणि रुमाल सोडला. जो पैसा मी गोळा करायचो त्यात कॉर्पोरल मला दहातला एक द्यायचा. माझं लग्न त्यातून होणार होतं. यूनुसनं हे कोणाला सांगितलं नाही, शेवटच्या दिवशीसुद्धा नाही.

म्हणून मामूंना मोहल्ल्यानं माफ करावं असं मी म्हणत नाही. माफ करण्यासारखं त्यांनी काही केलेलंच नाही. हे पत्र तुम्ही तुमच्या सासऱ्यांना द्या आणि मशिदीत सगळ्यांसमोर वाचायला सांगा. माझं नाव, बानूचं नाव, काही झाकायचं नाही.

तुमचं आणि मुलीचं मी बघेन. उपकार म्हणून नव्हे. जिवंत आहे तोवर दर महिन्याला पैसे येत जातील, तुम्ही घेतलेत तरी आणि परत पाठवलेत तरी.

एक शेवटचं विचारायचंय. माझं बानूशी लग्न ठरलेलं आहे. आम्हा दोघांत आता एकमेकांना नावं ठेवण्याची सोय उरलेली नाही. लग्न करावं की करू नये, हे ठरवायचा हक्क मी माझ्याकडे ठेवत नाही, तिच्याकडेही नाही. तुम्ही सांगाल ते मी करीन, आणि का म्हणून विचारणार नाही.

उत्तर दुसऱ्या कोणाकडून लिहून घेऊ नका. बानूकडूनच घ्या. तुम्ही हो म्हणालात की नको म्हणालात, तुमच्या तोंडचे शब्द ती जसेच्या तसे लिहील, असं धरून मी इथं थांबलो आहे.

हमीद